बोरडोह दुसऱ्यांदा बुडालं त्याची गोष्ट

त्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमाराला बोरडोहच्या मारुतीला जांभळी मिशी फुटली. भगवंतराव भुयारांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला. मिशी होतीच, उलट तेवढ्या वेळात ती कानापर्यंत गेली होती. मग मारुतीमागचा पिंपळ थरथरला, त्याच्या पानांच्या हिरव्या चौकटी झाल्या, आणि पारापाशी बसवलेली काळी गाय जमिनीपासून पुरुषभर उंच जाऊन तिथेच शांतपणे बसून राहिली. भगवंतरावांना वाटलं, आपला डोळा लागला असेल. ऐन उन्हाळ्यातल्या अमरावतीत दुपारी जागा माणूस आणि झोपलेला माणूस यांत तसाही फार फरक नसतो.

"उतर माय, खाली उतर," ते गाईला म्हणाले.

"कोनाले उतरवून राहिले?" आतून जमुनाबाईंनी विचारलं. गेली तीन वर्षं त्यांचा नवरा समोरच्या खोलीत गाईंशी, विहिरींशी आणि पायऱ्यांशी बोलत होता, त्यामुळे प्रश्नात काळजी अशी नव्हती.

बोरडोह हे गाव मोर्शीकडे नदीच्या वळणावर होतं. आता तिथे धरणाचं पाणी आहे, पस्तीसेक वर्षं झाली. पण भगवंतरावांच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या पडद्यात, ते रोज जेवणानंतर उघडायचं आणि चहाच्या वेळी मिटायचं. मुलगी प्राजक्ता नोकरीला पुण्याला गेली, तिनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना बापाला दिला, सोबत घरं-रस्ते उभे करायचा एक प्रोग्रॅमही टाकून दिला. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती असं काही देऊ नये. भगवंतरावांनी जुने नकाशे काढले आणि घर न् घर, गोठा न् गोठा इंचाच्या हिशेबानं उभा केला. विहिरीला चौदा पायऱ्या होत्या, चौदाच केल्या. नदीवर सकाळचं धुकं सोडलं. माणसं तेवढी केली नाहीत. माणसं मोजणीत धरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. काळी गाय मात्र केली, कारण ती त्यांच्या घरची होती.

हा सगळा खटाटोप होता दुर्गाबाईंसाठी. दुर्गाबाई ही त्यांची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी, अकोल्याला जठारपेठेत राहणारी. आता वराडात अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात. रस-पोळी होते, लेक चार दिवस पाय पसरून बसते, जाताना साडीचोळी घेऊन जाते. पण माहेरच पाण्याखाली असलं तर लेकीनं जावं कुठे? भगवंतराव म्हणायचे, अमरावतीला ये. दुर्गाबाई म्हणायच्या, "थे तुह्यं घर हाय बापू, माह्यं माहेर नाई." वर आणखी एक काटा होता. गाव उठलं त्या साली, पाणी चढायच्या आधी एकदा तुला दाखवून आणतो, असं भगवंतरावांनी बहिणीला कबूल केलं होतं. तेव्हा साहेबानं सुट्टी दिली नाही, आज नेतो उद्या नेतो करता करता श्रावण लागला आणि पाणी आलं. दुर्गाबाईंनी त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं भगवंतरावांना पस्तीस वर्षं वाटत होतं.

म्हणून यंदा त्यांनी फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, "बाई, या अखजीले तुले माहेरी नेतो. बोरडोहले. तुह्या घरी बसल्या बसल्या."

आणि अखजी बारा दिवसांवर आली असताना मारुतीला मिशी फुटली.

पहिला सल्ला अर्थातच शेजारच्या मनोजचा. मनोज हा विमा एजंट, म्हणजे कुठल्याही घरात काही बिघडलं की त्याला आपोआप कळायचं. तो पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. आता गायीच्या वर घराचं एक दार तरंगत होतं, आणि नदी गुलाबी झाली होती.

"काका, हा व्हायरस हाय."

"नदीले?"

"पुऱ्या गावाले. माह्या साडूच्या ऑफिसात सेम झालं होतं. त्यानं कॉम्प्युटर तीन दिवस बंद ठेवला, चौथ्या दिवशी चालू केला."

"मंग?"

"मंग काय, नवीन घेतला."

भगवंतरावांनी पुण्याला फोन लावला. प्राजक्तानं मीटिंगमधून बाहेर येऊन सगळं ऐकून घेतलं, मिशीपाशी हसली, आणि म्हणाली, "बाबा, पेटीत ग्राफिक्स कार्ड असतं ना, चित्र काढायचं काम करते ते. ते तापून राहिलं असन. कोपऱ्यात आकडा दिसते, किती आहे?"

"चौऱ्याण्णव."

"बाप रे! थंड ठेवा त्याला. कसंही करून थंड ठेवा."

भगवंतरावांना तो आकडा जिव्हारी लागला. अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर गेला की पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि इथे आपल्या घरात, टेबलाखाली, चौऱ्याण्णव, आणि कुणाला पत्ता नाही! त्या एवढ्याशा कार्डानं अख्खं गाव डोक्यावर घेऊन चौऱ्याण्णवाच्या तापात उभं राहावं, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटली. आणि वराडातल्या माणसाला कुणी म्हटलं की अमुक एक थंड ठेवा, तर त्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. त्याच्या डोक्यात कूलर येतो.

कूलर जमुनाबाईंचा होता. तसा तो दोघांचा, पण टाकी भरायची कुणी, गवताच्या ताट्या बदलायच्या कुणी, पंपाच्या जाळीतला कचरा काढायचा कुणी, हे बघितलं की मालकी कुणाची ते कळतं. त्याच आठवड्यात त्यांनी नव्या ताट्या बसवून घेतल्या होत्या. बोअरच्या पाण्यानं ताट्यांवर पांढरं साचतं, म्हणून त्या कूलरला नळाचं गोडं पाणी द्यायच्या. एक दिवसाआड येणारं, स्वतःच्या अंघोळीतून वाचवलेलं. असा कूलर आतल्या खोलीतून काढून समोरच्या खिडकीत, एका लोखंडी पेटीसमोर लावायचा, ही मागणी ऐकून त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हंजे मी उकडून मरू अन् तुमचं कार्ड हवा खाईन?"

"बाईचं माहेर हाय त्याच्यात."

जमुनाबाईंनी लाटणं पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "स्टँड जड हाय. मनोजले बलावा." पण त्या दिवसापासून त्यांनीही आपली चटई समोरच्या खोलीतच अंथरली, कूलर आणि कॉम्प्युटर यांच्या बरोबर मधोमध, हवेच्या रस्त्यात.

पेटीचं झाकण काढलं, कूलर बरोबर तोंडासमोर ठेवला, आणि काय सांगावं! अर्ध्या तासात आकडा अठ्ठावन्नवर आला. मारुतीची मिशी गेली, गाय जमिनीला टेकली, नदीचा गुलाबी रंग धुऊन निघाला. मनोजनं "मी म्हटलंच होतं" असा चेहरा केला, जो तो कुठल्याही प्रसंगी करू शकतो.

ते दोन दिवस भगवंतरावांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, सेवानिवृत्तीचा समारंभ धरून. बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला, कुत्रीसुद्धा नाल्यात. खिडकीतून ओल्या ताट्यांचा तो वास यायचा आणि पडद्यावर नदीवरून धुकं सरकायचं. कूलरच्या आत पाणी ठिबकायचं. थोड्या वेळानं वास नदीचाच आहे आणि पाणी घाटावरच वाजतं आहे असं व्हायचं. भगवंतराव माऊसवर हात ठेवून गल्लीतून हळूहळू चालत जायचे, भुयारांच्या घराच्या ओट्याशी थांबायचे. दार उघडं केलेलं होतं. आतून कुणीतरी "कोन हाय?" म्हणेल असं वाटायचं आणि ते उत्तर द्यायला तोंड उघडायचे. तेवढ्यात चटईवरून जमुनाबाईंचं घोरणं ऐकू यायचं. एकदा तर पेंगुळलेल्या भगवंतरावांच्या गालावर पाण्याचा एक थेंब उडाला. ते झोपेतच हसले. नव्या ताट्या चार दिवस तोंडातून तुषार उडवतात, ही गोष्ट वराडात पोराटोरांना ठाऊक असते. भगवंतरावांनाही होती. पण नदीकाठी बसलेल्या माणसाला अंगावर पाणी उडालं तर नवल कशाचं वाटणार?

तिसऱ्या दिवशी सव्वादोन वाजता 'पट्' असा आवाज झाला, जळक्या वालाच्या शेंगेसारखा वास आला आणि बोरडोह गेलं. मिशी नाही, चौकटी नाहीत, नुसता काळा पडदा. त्यात भगवंतरावांचा स्वतःचा चेहरा दिसत होता.

पेटीत टॉर्च मारला तर कार्ड ओलं होतं, आणि कडेकडेनं पांढरी बारीक पूड धरली होती.

"आता काय कराव बापा," भगवंतराव खाली बसले. "नऊ दिवस राहिले."

ओल्या मोबाईलला तांदळात ठेवतात, हे मनोजनं सांगितलं. तांदळाच्या पिंपात हात घालायचा नाही, हे जमुनाबाईंनी सांगितलं. शेवटी एका स्टीलच्या डब्यात वेगळे दोन किलो तांदूळ काढून त्यात कार्ड पुरण्यात आलं. दोन दिवसांनी काढलं. कार्ड जसंच्या तसं, आणि तांदळाला मात्र जळका वास. मग मनोजचा साडू फोनवर आला आणि त्यानं ज्ञान दिलं की परदेशात लोक असलं कार्ड भट्टीत भाजतात, त्यानं आतले टाके पुन्हा जुळतात. भुयारांच्या घरी भट्टी नव्हती. पण गच्ची होती आणि गच्चीवर चव्वेचाळीस डिग्री होतं. गच्चीवर जमुनाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. कुरडयांच्या दोन रांगांमध्ये, साडीच्या पदराखाली, कार्डानं एक दिवस काढला. संध्याकाळी जमुनाबाईंनी वाळवण गोळा करताना तेही उचललं, उलटून पाहिलं आणि सवयीनं म्हणाल्या, "उद्या आणखीन एक ऊन पायजे याले."

दुसरं ऊनही दिलं. काही झालं नाही.

मग राहिली कंपनी. कार्डाची पाच वर्षांची वॉरंटी अजून दोन महिने होती. कंपनीचं सेवा केंद्र अमरावतीतच एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर निघालं. भगवंतरावांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज घेतले होते. आज पहिल्यांदा ते स्वतः अर्ज लिहायला बसले आणि त्यांना स्फुरण चढलं. विषय, संदर्भ, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून', कार्डाची लांबी-रुंदी, बिघाडाचा दिनांक व वेळ, सोबत जोडलेली कागदपत्रं एक ते सहा. खिडकीमागच्या मुलीनं तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. असा अर्ज तिनं जन्मात पाहिला नसावा.

"ग्राहक प्राजक्ता भुयार कोण?"

"माह्यी पोरगी."

"त्या आल्या आहेत?"

"पुण्याले हाय."

"मग त्यांचं संमतिपत्र लागेल."

भगवंतरावांनी शांतपणे सोबतच्या कागदांतला क्रमांक चार काढून दिला. मुलीनं मान डोलावली. इतक्या तयारीनं आलेला माणूस बघून मागच्या टेबलावरचा साहेबही उठून आला. त्यानं कार्ड हातात घेतलं, भिंग लावलं. कडेची पांढरी पूड नखानं खरवडली, आणि एका छापील चिठ्ठीवर शिक्का मारला. पाण्यामुळे नुकसान, दावा अमान्य.

"हे पानी नाई, हवा होती," भगवंतराव म्हणाले. "कूलरची हवा."

"काका, आमच्याकडे हवा असा रकाना नाही."

चौतीस वर्षांत भगवंतरावांनी कितीतरी लोकांना खिडकीबाहेरून असंच परत पाठवलं असेल. तेव्हा ती माणसं जिना उतरताना कठड्याला हात का धरतात हे त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशी ते कठडा धरून उतरले.

"व्हिडिओ असन ना एखादा?" मनोजनं विचारलं. "थोच दाखवा."

नव्हता, आणि असता तरी भगवंतरावांनी दाखवला नसता. व्हिडिओत तो नेईल तिकडे जावं लागतं. माहेरात माणूस आपल्या मनानं हिंडतो. नवं कार्ड मागवावं तर ते अखजीनंतर येणार होतं. चार दिवस उरले होते, आणि आता एकच माणूस डोळ्यांपुढे होता, पण त्यात पंचाईत अशी की त्या माणसाचं दुकान दुर्गाबाईंच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं.

अब्दुल रहीम पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि आता त्यांची मुलगी इफ्फत सूक्ष्मदर्शकाखाली मोबाईलचे आणि लॅपटॉपचे भाग जोडायची. दुर्गाबाई त्यांचं नाव नेहमी घ्यायच्या. त्यांचा रेडिओ रहीमभाईंनी चार वेळा जिवंत केला होता. पण बहिणीला कळू द्यायचं नव्हतं. तिला एकदा कबूल करून नेलं नाही, आता दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगणार? भगवंतरावांनी पहाटेची एसटी धरली, अकोल्याच्या स्टँडवर उतरले, आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळला. नुसते डोळे उघडे. उन्हाळ्यात अख्खं अकोला तसंच हिंडतं, त्यामुळे चोरट्या माणसाची फार सोय होते. बहिणीच्या गॅलरीखालून ते मान खाली घालून, नेहमीच्या सवयीनं मनात पावलं मोजत, रहीमभाईंच्या दुकानात शिरले.

इफ्फतनं डबा उघडला, कार्ड भिंगाखाली धरलं, आणि चिमट्यानं पंख्याच्या पात्यामागून काहीतरी काढलं.

"अब्बा, इसमें चावल है."

रहीमभाईंनी तो दाणा तळहातावर घेतला. "जुना तांदूळ हाय," ते कौतुकानं म्हणाले. मग इफ्फतनं शेवईसारखं एक पांढरं तूस काढलं. भगवंतरावांना सांगणं भाग पडलं, की ती कुरडई आहे.

"भाऊ," रहीमभाई म्हणाले, "हे कार्ड हाय का अखजीचं ताट?"

इफ्फत हसली नाही. ती कडेची पूड बघत होती. "अंकल, ये नमक जैसा क्या है? पानी कुठलं होतं?"

"नळाचं. अमरावतीचं. गोडं पानी हाय, धरनाचं…" आणि भगवंतराव तिथेच थांबले.

बोरडोह ज्या पाण्याखाली होतं तेच ते पाणी. नळातून आलं, जमुनाबाईंच्या बादलीतून कूलरमध्ये गेलं, ताटीतून ठिबकलं आणि पुन्हा एकदा गावात शिरलं. आणि या खेपेला ते आणलं कुणी? भगवंतरावांनी स्वतः, स्टँडसकट. ते स्टुलावर बसले. रहीमभाईंनी कशाचं धरण, कुठलं गाव, हे विचारून घेतलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो मागे घेतला आणि चहा मागवला.

"बेटा, काही होईन का?" भगवंतरावांनी विचारलं. "अखजीले माह्या बहिणीले गावात न्यायचं हाय."

इफ्फतनं तीन दिवस त्यावर काढले, आणि तिन्ही दिवस भगवंतराव पहाटेच्या एसटीनं येऊन त्याच स्टुलावर बसून राहिले. क्षार घासून काढले, एक जळालेला तुकडा दुसऱ्या मेलेल्या कार्डावरून आणून डकवला, वाळलेला लेप काढून नवा लावला. परत देताना म्हणाली, "अंकल, चलेगा. पण आतून थकलेलं हाय. वीस मिनिटं. त्याच्यानंतर कसम नाही खाती. आणि एक बात पक्की, कूलर नाही. कूलरची हवासुद्धा नाही."

अखजीच्या दुपारी अकोल्यात दुर्गाबाईंच्या घरात कूलर बंद करण्यात आला. ही गोष्ट त्या गल्लीत अजून सांगतात. खिडक्या लावल्या, कारण बाहेर झळा होत्या. छताचा पंखा गरम हवा वरून खाली टाकत होता. रस-पोळी आणि त्या तळलेल्या कुरडया पोटात घेऊन दुर्गाबाई, जमुनाबाई, रहीमभाई आणि इफ्फत अमरावतीहून आणलेला कॉम्प्युटर मांडलेल्या टेबलासमोर ओळीनं बसले होते, आणि सगळ्यांच्या कपाळावरून घाम सारख्याच वेगानं उतरत होता. कुणी हललं नाही.

"रहीमभाईकडे तीन दिवस काय करत होता तू?" दुर्गाबाईंनी सहज विचारलं.

भगवंतरावांच्या हातातली वायर खाली पडली. "तुले कोनं सांगितलं?"

"दुपट्ट्यातून डोळे दिसत नाईत का माह्या भावाचे? अन् रस्त्यानं पावलं मोजत कोन चालते दुसरं? लाव ना आता."

बोरडोह उघडलं. पारावर मारुती होता, मिशीशिवाय. भगवंतरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि गल्लीत पाऊल टाकणार तोच दुर्गाबाई म्हणाल्या, "इकडून नोको. मी माहेरी येतो तवा बैलबंडी नदीकडून येते."

नदीकडची वाट भगवंतरावांनी नीट केलेली नव्हती, नुसतं धुकं सोडलेलं होतं. पण लेक म्हणेल तिकडून. ते मागे फिरले, धुक्यातून हळूहळू आले. काही दिसत नव्हतं, पांढरं पांढरं नुसतं, आणि मग धुक्यातून घाट वर आला, त्यामागे पिंपळाचा शेंडा. गावाची शीव लागली तसा दुर्गाबाईंनी डोक्यावरचा पदर खाली सोडला, खांद्यावर. रहीमभाई समोर बसलेले, तरी सोडला. माहेरात लेकीच्या डोक्यावर पदर नसतो. जमुनाबाईंनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

मग दुर्गाबाई बोलत राहिल्या आणि भगवंतराव नेत राहिले. डावीकडे घे. थांब, हे तेल्याचं घर. अथी बोरीचं झाड होतं, बरं, नसू दे. विहिरीपाशी उभा राह्य जरा. चौदा पायऱ्या. हो ना, चौदाच, मी मोजत उतरत होती. काळी गाय दिसली तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की इफ्फतही हसली. भगवंतरावांचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे होतं. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. शेवटी भुयारांचा ओटा आला. दुर्गाबाई पुढे वाकल्या.

"निंब कुठी गेला?"

"हा काय, डाव्या हाताले."

"हा कोनता? आपला निंब उजव्या हाताले होता."

आता इथे भगवंतरावांचा स्वाभिमान दुखावला. "बाई, नकाशात डाव्या हाताले हाय. मी स्वतः मोजला."

"तू कवा मोजला? त्याच्यावर ईज पडली तवा तू तीन सालाचा होता. तुह्या नकाशात थो कसा येईन?"

यावर वाद घालायला वेळ नव्हता. पडद्याच्या खालच्या कडेनं, नदीच्या बाजूला, एक जांभळी रेघ उमटली होती. मग दुसरी. रेघा घाटावर चढल्या, विहिरीत शिरल्या, गल्लीतून पसरत वर येऊ लागल्या. आकडा ब्याण्णव होता. भगवंतराव स्विचकडे झेपावले. दुर्गाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे."

"बाई, पुरं बुडन…"

"बुडू दे. येऊ दे पानी." त्यांनी मनगट सोडलं नाही. "त्या साली तू म्हटलं होतं, नेतो. मी पिशवी भरून बसली होती, बापू. पंधरा दिवस पिशवी दाराशी होती. मंग पोस्टात पत्र आलं का पानी चढलं म्हून."

भगवंतरावांनी स्विचकडे नेलेला हात ढिला सोडला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. घामात तसंही कळत नव्हतं. जांभळं पाणी ओट्याला लागलं, उघड्या दारातून आत गेलं. काळी गाय उचलली गेली आणि तरंगत तरंगत घराच्या वर आली. मारुती गेला. पिंपळाचा शेंडा शेवटपर्यंत दिसत होता, मग तोही विझला आणि पडदा काळा झाला. कार्डाचा पंखा थोडा वेळ घरघरला आणि थांबला.

"पाह्यलं एकदाचं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भावाचं मनगट सोडलं.

बऱ्याच वेळानं जमुनाबाईंनी हळूच विचारलं, "आता तरी कूलर लावू का?"

"लाव माय, लाव. या पोरीचा जीव गेला उकाड्यानं." दुर्गाबाईंनी पदरानं इफ्फतचं कपाळ पुसलं. कूलर सुरू झाला, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि दुर्गाबाईंचा सूर बदलला. "अन् भगवंता, लेक माहेराहून चालली. साडीचोळी कुठी हाय?"

भगवंतराव उभेच्या उभे राहिले. साडी आणली नव्हती. चौदा पायऱ्या आणल्या, धुकं आणलं, गाय आणली, साडी विसरले.

"बरं, उधार," दुर्गाबाई म्हणाल्या. "पुढच्या अखजीले दोन देजो. अन् निंब उजव्या हाताले पायजे."

"नवं कार्ड घेतो, बाई. पन निंब किती फुटावर होता? अंतर तं सांग."

"फूटबिट मले काय माईत. माह्या पावलानं सात पावलं होता. ओट्यावरून उडी मारली का सात पावलं." आणि त्या उठल्या. कूलरच्या हवेत, टेबलाला पाठ करून, शहात्तर वर्षांची ती बाई बैठकीतून दाराकडे लहान लहान पावलं टाकत निघाली. एक, दोन, तीन. सातव्यावर थांबली, हात उचलून तिनं हवेत खोड दाखवलं. "अथी."

भगवंतरावांनी खिशातली डायरी काढली. मोजणी खात्यात पावलांचं माप चालत नाही. अशा मापाचे किती अर्ज त्यांनी परत केले होते, याची गणती नाही. त्यांनी पेन्सिल ओली केली आणि नीट अक्षरात लिहिलं: निंब, उजवीकडे, ओट्यापासून सात पावलं. मग थोडा विचार करून कंसात भर घातली: तेरा वर्षांच्या दुर्गीची.